रोज एक मिलिमीटर

कोपर टेबलाच्या कडेला जोरात आपटलं की झिणझिण्या कुठे येतात ते आठवून बघा. लागलेलं असतं कोपराला, पण करंट जातो करंगळीत आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या अर्ध्या भागात. करंगळीला कोणी हातसुद्धा लावलेला नसतो. आपण हात झटकतो, तोंड वेडंवाकडं करतो आणि विसरून जातो. मला मात्र आता वाटतं की आपली मज्जासंस्था कशी चालते हे समजून घ्यायला ह्या एका झिणझिणीपासून सुरुवात करावी, कारण पुढचं बरंच काही हिच्यातच आहे.

होतं काय तर कोपराच्या आतल्या बाजूला हाडाच्या खोबणीतून एक नर्व्ह जाते, अल्नर नर्व्ह. तिथे तिच्यावर ना स्नायू ना चरबी, कातडीखाली लगेच तीच, त्यामुळे दणका थेट तिलाच बसतो. तिच्यातले तंतू करंगळीकडून आलेले असतात, आणि त्यांच्यावरून वर जाणाऱ्या सिग्नलमध्ये तो कुठून निघाला याची काहीच नोंद नसते. मेंदूला एवढंच कळतं की करंगळीच्या तंतूंवरून काहीतरी आलं, मग तो म्हणतो करंगळीला झालं. योहानेस म्युलर नावाच्या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने 19व्या शतकाच्या पूर्वार्धात हे मांडलं होतं, की आपल्याला काय वाटणार हे बाहेर काय घडलं त्यापेक्षा आतली कुठली नर्व्ह जागी झाली त्यावर ठरतं. डोळे मिटून डोळ्याच्या कडेला अगदी हलकं दाबलं तर विरुद्ध बाजूला उजेडाचा गोल दिसतो ना, तिथे उजेड कुठे असतो?

हे सगळं मला शाळेत शिकवलं असणार, पण ते कळलं माझी हीच नर्व्ह तुटल्यावर. खिडकीचं तावदान फुटून मनगटावर पडलं, जखम दिसायला फार मोठी नव्हती, रक्त थांबलं तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं. पण करंगळी गेली होती. म्हणजे होती जागेवरच, पण तिची तळव्याकडची बाजू माझी राहिली नव्हती. आणि सगळ्यात विचित्र होती अनामिका. तिच्या मधोमध रेघ मारावी तसं, करंगळीकडची अर्धी बाजू बधिर आणि मधल्या बोटाकडची अर्धी एकदम व्यवस्थित! मी कितीतरी वेळ त्या बोटावरून पेनाचं टोपण फिरवत बसायचे, इकडून तिकडे, मध्येच स्पर्श नाहीसा व्हायचा. आपल्याला एक बोट म्हणजे एक वस्तू वाटते, मज्जासंस्थेच्या हिशोबात त्याची वाटणी दोन नर्व्हमध्ये झालेली असते. करंगळीची मागची बाजूही बऱ्यापैकी शाबूत होती, कारण मागच्या बाजूला जाणारी फांदी मनगटाच्या वरच फुटून निघते आणि काच त्याच्या खाली लागली होती.

ज्या डॉक्टरांनी मायक्रोस्कोपखाली केसापेक्षा बारीक धाग्याने ती नर्व्ह शिवली त्यांनी नंतर सांगितलं, आम्ही फक्त टोकं समोरासमोर आणून ठेवलीत, पुढचं काम तिचं तिला करायचंय, आणि ती रोज साधारण एक मिलिमीटर वाढते. मी घरी येऊन पट्टी काढली, मनगटापासून करंगळीच्या टोकापर्यंत मोजलं, भागाकार केला. सहा महिने तरी, जास्तच. सुरुवातीचे काही आठवडे तर ती शिवणीपाशीच अडलेली असते. (इथे एक गोष्ट कळकळीने सांगते, हातावर काचेने किंवा सुरीने कापलं आणि पुढचं बोट बधिर वाटलं तर नुसते टाके घालून घरी येऊ नका, नर्व्ह तपासायला सांगा. ती लवकर जोडली तर निकाल बराच चांगला लागतो.)

लोक मला समजावताना म्हणायचे, वायर तुटली होती, जोडली, आता करंट सुरू होईल. ही उपमा मला तेव्हापासून अजिबात आवडत नाही. वायर जोडली की त्याच क्षणी दिवा लागतो, कारण वायर जिवंत नसते. नर्व्हमधला एकेक तंतू म्हणजे जिवंत पेशीचा लांबच लांब हात आहे. करंगळीच्या टोकाचा स्पर्श नेणाऱ्या पेशीचं मूळ शरीर कुठे असतं माहितीये? मानेच्या खालच्या टोकाशी, कण्याच्या अगदी लगत एका छोट्याशा गाठीत. तिथून त्या पेशीचा एक धागा अख्ख्या हातातून बोटापर्यंत येतो आणि दुसरा मज्जारज्जूत शिरून वर मेंदूच्या बुडापर्यंत जातो. एकच पेशी! पायाच्या अंगठ्याची अशी पेशी तर अंगठ्यापासून मानेच्या वरपर्यंत पोचते, उंच माणसात दीड मीटरच्याही पुढे जाते. आणि तिचं केंद्रक, प्रथिनं बनवायचा सगळा कारखाना, एका सूक्ष्म ठिपक्यात. तिथे तयार झालेला माल आतल्या बारीक नळकांड्यांवरून खाली न्यायला कायनेसिन नावाचे रेणू असतात, ते काही माल दिवसाला 40 सेंटिमीटरच्या वेगाने नेतात, पण धाग्याचा मूळ सांगाडा बनवणारं सामान त्याच्या कितीतरी पट हळू, दिवसाला काही मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. तंतू एवढा हळू का वाढतो त्याचं एक कारण इथे आहे. हे वाचल्यावर माझी चिडचिड बरीच कमी झाली.

मग तुटल्यावर काय होतं? मूळ पेशी मानेपाशी जिवंतच असते, पण मनगटाच्या पुढचा तुकडा तिच्यापासून तुटलेला. तो एक-दोन दिवस सिग्नलसुद्धा नेऊ शकतो आणि मग त्याचे तुकडे तुकडे होतात. ऑगस्टस वॉलरने 1850 मध्ये बेडकाच्या जिभेच्या नर्व्ह कापून हे पहिल्यांदा दाखवलं. खूप वर्षं समज असा होता की पुरवठा तुटला म्हणून तो बिचारा उपाशी मरतो. पण पुढे उंदरांची एक जात सापडली जिच्यात तुटलेला तुकडा आठवडेच्या आठवडे टिकायचा, आणि त्यातून शोध घेत घेत 2012 मध्ये कळलं की सार्म1 नावाचं एक प्रथिन हा तुकडा मुद्दाम मोडून काढतं. म्हणजे मरणं हाच तिथला कार्यक्रम असतो, जागा मोकळी करून द्यायची. त्या भोवतीच्या श्वान पेशी (श्वान हे शास्त्रज्ञाचं आडनाव, कुत्र्याशी संबंध नाही), ज्या एरवी तंतूला आवरण घालून बसलेल्या असतात, त्या आपलं नेहमीचं काम टाकून आधी कचरा साफ करायला घेतात, मदतीला रक्तातल्या भक्षक पेशी येतात, मग त्या श्वान पेशी रिकाम्या नळीत एकामागे एक रांगेत उभ्या राहतात आणि येणाऱ्या नव्या टोकाला वाढीची रसायनं देत पुढे नेतात. माझा बधिर हात गळ्यात अडकवून मी खिडकीशी बसलेली असायचे तेव्हा आत हे सगळं चालू होतं आणि मला त्यातलं काही म्हणता काही जाणवत नव्हतं.

जाणवायला लागलं ते टिचकी मारून. फिजिओने शिकवलं होतं, मनगटापासून बोटाकडे हळूहळू टिचक्या मारत जायचं, जिथे मारल्यावर झिणझिण्या येतील तिथपर्यंत नर्व्ह पोचली. फ्रान्सच्या झ्यूल तिनेल आणि जर्मनीच्या पॉल हॉफमन ह्या दोघांनी 1915 मध्ये, पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या नर्व्ह तपासताना, वेगवेगळी ही खूण नोंदवली, दोघांचे देश एकमेकांशी लढत असताना. वाढतं टोक उघडं असतं, अजून आवरण चढलेलं नसतं, म्हणून नुसत्या ठोक्याने ते चेततं. आणि गंमत म्हणजे टिचकी तळव्यावर मारली तरी झिणझिणी जायची बधिर करंगळीतच! म्हणजे ज्या बोटात एकही तंतू पोचलेला नाही ते बोट मला जाणवायचं. कोपर आपटल्यावर जे होतं तेच हे, फक्त इथे करंगळीच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं, होता तो फक्त मेंदूचा विश्वास की हा तंतू करंगळीचा आहे.

एका नर्व्हमध्ये किती प्रकारचं काम चालतं तेही तेव्हाच कळलं. आपण स्पर्श आणि हालचाल धरतो, पण माझ्या हाताचा तेवढा भाग कोरडा पडला होता, तिथे घामच यायचा नाही. पाण्यात बराच वेळ हात राहिला की बाकी बोटांना सुरकुत्या पडायच्या, करंगळी मात्र गुळगुळीत. आपल्याला वाटतं कातडी पाणी पिऊन फुगते म्हणून सुरकुत्या पडतात. तसं नाहीये, त्या स्वायत्त, म्हणजे आपल्या नकळत चालणारी, मज्जासंस्था पाडते, रक्तवाहिन्या आवळून, आणि नर्व्ह नसली की त्या पडतच नाहीत. 1973 मध्ये ओ'रिअन नावाच्या डॉक्टरांनी हे नोंदवलं आणि तेव्हापासून बोलता न येणाऱ्या लहान मुलांची नर्व्ह शाबूत आहे का ते बघायला ही साधी पाण्याची टेस्ट वापरतात. शिवाय बोटं फाकवता यायची नाहीत, अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कागद धरला तर कोणीही सहज ओढून घ्यायचं. अंगठ्याला स्पर्श अगदी नीट होता, पण त्याला आत ओढणारा स्नायू ह्याच नर्व्हचा.

आता सिग्नलबद्दल थोडं, कारण त्याशिवाय गोष्ट अर्धी राहील. तंतूच्या आत आणि बाहेर विजेच्या दाबात फरक असतो, आत साधारण उणे 70 मिलिव्होल्ट. हा फरक फुकट मिळत नाही. पेशीच्या भिंतीतले पंप दर फेरीला तीन सोडियम बाहेर टाकतात आणि दोन पोटॅशियम आत घेतात, दिवसरात्र, झोपेतसुद्धा. मेंदू शरीराच्या वजनाच्या 2 टक्के आणि खातो 20 टक्के ऊर्जा, त्यातला मोठा वाटा ह्याच कामाला जातो, नुसतं तयार राहायला. मग कुठेतरी त्वचा दाबली जाते, सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, आतला दाब क्षणभर उणेचा अधिक होतो, त्याने शेजारची दारं उघडतात, मग त्याच्या शेजारची. अ‍ॅलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली यांनी हे माखलीच्या जातीच्या स्क्विडवर शोधलं, कारण त्याचा एक तंतू इतका जाड असतो की नुसत्या डोळ्यांनी दिसतो आणि आत इलेक्ट्रोड घालता येतो. 1939 मध्ये पहिलं मोजमाप झालं, लगेच युद्ध सुरू झालं, काम थांबलं, आणि शेवटी 1952 मध्ये त्यांची समीकरणं आली. त्यातली गणितं हक्सलीने हाताने फिरवायच्या यंत्रावर केली होती. आजही ती समीकरणं चालतात.

ह्या सिग्नलमध्ये लहान-मोठं असं काही नसतं. एक तर तो जातो नाहीतर जात नाही. मग हलका स्पर्श आणि जोरात दाबणं यातला फरक कसा कळतो? किती वेळा येतो त्यावरून, एडगर एड्रियनने 1920च्या दशकात हे एकेका तंतूवर मोजलं. आणि वेग? म्युलरला वाटायचं तो मोजताच येणार नाही, पण त्याचाच विद्यार्थी हेल्महोल्ट्झ याने 1850 च्या सुमाराला बेडकाच्या नर्व्हवर मोजून दाखवला, सेकंदाला तीसेक मीटर. माणसात चांगलं आवरण असलेले जाड तंतू सेकंदाला 100 मीटरच्या आसपास जातात, आणि विनाआवरणाचे बारीक, जे जळजळ आणि ठणका नेतात, ते एखाद मीटर. म्हणून पायाचं बोट आपटल्यावर आधी टचकन कळ येते आणि मग मागाहून तो रेंगाळणारा ठणका येतो. नव्याने वाढलेल्या तंतूवर आवरण पातळ चढतं, त्यामुळे बरी झालेली नर्व्हसुद्धा पूर्वीपेक्षा थोडी मंदच राहते.

स्पर्श परत आला तेव्हा मी आनंदाने उडी मारेन असं वाटलं होतं. प्रत्यक्षात तो आला तो असह्य होऊन. साधा कापूस लागला तरी किळसवाणं काहीतरी पसरायचं, नेमकं कुठे ते कळायचं नाही, आणि गार वस्तूने तर डोळ्यात पाणी यायचं. मला भीती वाटली की काहीतरी बिघडलं. त्या दिवसांत मी हेन्री हेडबद्दल वाचलं आणि इतका धीर आला की सांगता येत नाही. हा लंडनचा न्यूरोलॉजिस्ट, त्याला वाटायचं की पेशंट आपल्या संवेदनांचं वर्णन नीट करू शकत नाहीत, थकतात, आणि त्यांना किती छळायचं यालाही मर्यादा आहे. म्हणून 25 एप्रिल 1903 ला त्याने स्वतःच्याच डाव्या हाताची त्वचेला जाणारी नर्व्ह कापवून घेतली आणि परत शिवून घेतली! मग जवळजवळ चार वर्षं तो केंब्रिजला आपला मित्र डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स याच्या खोलीवर जाऊन डोळे मिटून बसायचा आणि रिव्हर्स त्याला कापूस, टाचण्या, गरम-गार पाण्याच्या नळ्या, कंपासची दोन टोकं लावून बघायचा. 1908 मध्ये त्यांनी ते छापलं. त्यात लिहिलंय की आधी परत येते ती ओबडधोबड, पसरट, नकोशी संवेदना, आणि नाजूक नेमका स्पर्श फार उशिरा. त्यावरून हेडने दोन वेगवेगळ्या संस्था असल्याचा जो सिद्धांत मांडला तो आज कोणी जसाच्या तसा मानत नाही, पण त्याने जे अनुभवलं ते खरंच होतं. मी त्याची साक्षीदार आहे.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते पुढच्या टप्प्याने. तंतू बोटापर्यंत पोचले तरी काम संपत नाही, कारण हजारो तंतूंमधला प्रत्येक आपल्याच जुन्या जागी जाईल याची खात्री नसते. करंगळीच्या टोकाचा तंतू चुकून अनामिकेच्या कडेला जाऊन बसतो. आणि मेंदूला हे कोणी कळवत नाही. मी अनामिकेला हात लावायचे आणि करंगळी म्हणायची मला लावला. शिवाय इतके महिने मेंदूतला करंगळीचा भाग गप्प होता, आणि मेंदूत गप्प जागा रिकामी राहत नाही. मायकेल मर्झेनिच आणि जॉन कास यांनी 1980च्या दशकात माकडांच्या हाताची एक नर्व्ह कापून दाखवलं की थोड्याच काळात शेजारच्या भागांचे सिग्नल त्या जागेत पसरतात. तोवर बरेच जण धरून चालले होते की मोठेपणी मेंदूतले हे नकाशे पक्के झालेले असतात.

म्हणजे माझ्या बोटाला परत स्पर्श शिकवायचा होता, किंवा खरं तर मेंदूला बोट शिकवायचं होतं. फिजिओ वेगवेगळ्या गोष्टी द्यायची, सँडपेपर, मखमल, बटण, नाणं. आधी बघत बघत हात फिरवायचा, मग डोळे मिटून, मग परत उघडून. डोळ्यांनी मेंदूला सांगायचं की बाबा हे जे तुला करंगळी वाटतंय ती अनामिका आहे. हे असं रोज. कंटाळवाणं काम आहे, आणि एकेक दिवस तर वाटायचं की काही फरक नाही, आणि मग एका दिवशी खिशात हात घातला आणि किल्ली ओळखू आली, न बघता, करंगळीच्या कडेने, आणि मी तिथेच रडले. लहान मुलांमध्ये हे फार चांगलं होतं, मोठ्यांमध्ये अर्धवट. माझं अर्धवटच आहे. बोटाच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरवरची दोन टोकं एरवी वेगळी कळतात, माझ्या करंगळीला अजून त्याच्या दुपटीतिपटीने अंतर लागतं. थंडी सहन होत नाही. मला चालतंय.

फिजिओच्या खोलीत शेजारी एक काका यायचे, मज्जारज्जूला इजा झालेली. ते एकदा म्हणाले, तुझी वाढते मग माझी का नाही वाढत. मला काही बोलता आलं नाही, पण घरी जाऊन वाचत बसले. हातातले तंतू आणि मज्जारज्जूतले तंतू यांच्यात एवढा फरक का? 1981 मध्ये डेव्हिड आणि अग्वायो यांनी एक सुंदर प्रयोग केला, उंदराच्या मज्जारज्जूला हातापायातल्या नर्व्हचा तुकडा लावून दिला, आणि जे तंतू एरवी इंचभरही पुढे जात नाहीत ते त्या तुकड्यातून सेंटिमीटरच्या हिशोबात वाढत गेले. म्हणजे त्या पेशींमध्ये वाढायची ताकद आहे, अडवतोय तो भोवतालचा परिसर. तिथे श्वान पेशींऐवजी दुसऱ्याच पेशी आवरण घालतात, आणि त्यांच्यात वाढ थांबवणारी प्रथिनं असतात, त्यातल्या एकाचं नाव नोगो. शिवाय जखमेवर चट्टा धरतो तो वेगळाच. आज तरी काकांना देता येईल असं औषध नाहीये, हे लिहितानाही जड जातं. पण जगभरात लोक ह्याच्या मागे लागलेत आणि मी त्यांच्यासाठी मनापासून आशा धरून आहे.

एक मिलिमीटरचा हिशोब कधीकधी क्रूरसुद्धा असतो. मोटरसायकलच्या अपघातात मानेपाशीच हाताच्या नर्व्ह फाटल्या तर तिथून पंजापर्यंत 70 सेंटिमीटर, म्हणजे दोन वर्षं, आणि नर्व्ह नसलेला स्नायू साधारण वर्ष-दीड वर्षात कायमचा वाया जातो. तंतू पोचेल तेव्हा तिथे कोणीच नसेल. म्हणून सर्जन आता वाट बघत नाहीत, जवळून जाणाऱ्या चांगल्या नर्व्हमधला थोडा भाग घेऊन तो थेट त्या स्नायूच्या तोंडाशी जोडतात. फ्रान्सच्या क्रिस्तोफ ओबर्लिनने 1994 मध्ये अशी एक पद्धत सांगितली, त्यात अल्नर नर्व्हमधली, हो हीच, माझीवाली, एक बारीक जुडी काढून कोपर वाकवणाऱ्या बायसेप्सच्या नर्व्हला शिवतात. काही महिन्यांनी बायसेप्स हलायला लागतो, पण त्या पेशंटला कोपर वाकवायला सांगितलं तर सुरुवातीला जमत नाही. त्याला सांगावं लागतं, मनगट आत वाकवल्यासारखं कर. त्याने मनगटाचा विचार केला की कोपर वाकतं. हे करत राहायचं, पुन्हा पुन्हा, आणि हळूहळू एक वेळ अशी येते की तो पाण्याचा ग्लास तोंडाशी नेतो, आणि विचारलं तर सांगतो की मनगटाचा विचार करायचं मी कधी सोडलं ते मलाच आठवत नाही.